शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव

मी जीवशास्त्र शिकवते. तेवीस वर्षं झाली. आवाज मोठा, तोंड फटकळ आणि डावा गुडघा दुखरा. पोरं माझ्यामागे मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण खोटारडी असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते आता मीच म्हणून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आमच्या शाळेच्या मागून एक ओढा वाहतो. वर चढावर एक मोठी लाँड्री आहे, हॉटेलं आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारी. तिच्या खाली लाकडी पूल. पुलापासून ओढा शाळेच्या आवारात शिरतो आणि आमच्या तळ्यात येतो. पूल ते तळं या पट्ट्यात शाळेशिवाय दुसरं कुणी नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ याच पट्ट्यात झाला.

शाळेच्या पर्यावरण मंडळाचं काम म्हणजे दर गुरुवारी शाळा सुटल्यावर या ओढ्याचं पाणी मोजायचं. दोन ठिकाणी, वर पुलाशी आणि खाली तळ्याशी. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात पुड्या टाकायच्या, पाणी निळं झालं की ड्रॉपरनं एकेक थेंब सोडायचा. निळा रंग उडेपर्यंत जितके थेंब लागतील तितका पाण्यात प्राणवायू. सात-आठ थेंब म्हणजे ओढा ठणठणीत. तीनच्या खाली गेलं की माशांचं काही खरं नाही. पोरांना हे थेंब मोजायला फार आवडतं. एरवी वर्गात दोन मिनिटं गप्प न बसणारी कार्टी थेंब मोजताना श्वास रोखून उभी राहतात.

आकडे जायचे एका जाड वहीत. प्रत्येक आकड्यासमोर मोजणाऱ्यानं सही करायची नाही, तर आपलं चिन्ह काढायचं. ही टूम पोरांचीच. जो सगळ्यात सावकाश चालतो तो गोगलगाय काढायचा, ज्याचा हात सतत केसांत तो कंगवा काढायचा आणि आमच्या मंडळाची सेक्रेटरी, दहावीतली चष्मिस, दोन गोल आणि मध्ये दांडी काढायची. माझं मात्र चिन्ह नव्हतं. बाईंना कशाला हवं चिन्ह? बाईंवर कोण संशय घेणार आहे?

वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात एक नियम होता. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, चौकट रिकामी ठेवायची. तीनेक वर्षांपूर्वी एकदा चष्मिस तापानं आजारी पडली आणि तिचं मोजायचं राहिलं, तेव्हा कंगवा म्हणाला, "टाक गं अंदाजे, कोण बघतंय?" तिनं चौकट रिकामी ठेवली. ती कहाणी मी चार वर्गांत सांगितली, तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. बिचारी लाजून लाल झाली होती.

आणि तळं होतं माळीदादांचं. कागदोपत्री शाळेचं, पण ते खणलं त्यांनी, कडेचे दगड लावले त्यांनी, पहिले मासे डब्यातून आणले त्यांनी. सहा वर्षं झाली. माणूस अबोल. पोरांना रागवायचे नाहीत, नुसते बघायचे, आणि तेवढ्यानं पोरं पायवाटेवरून चालायला लागायची. मधल्या सुट्टीत चष्मिस डबा घेऊन त्यांच्या शेडच्या पायरीवर बसायची. दोघं काय बोलायची देव जाणे. बहुधा काहीच बोलत नसतील.

आता मूळ गोष्टीकडे येते. आतापर्यंत टाळत होते, तेही सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एकही न चुकवता झालेले सलग आठवडे मोजायला लागलो. सुट्ट्यांतसुद्धा कुणी ना कुणी जाऊन मोजायचं. पन्नास झाले तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी कौतुक केलं. मग शिक्षण खात्याकडून पत्र आलं की सलग शंभर आठवड्यांची नोंद झाली तर समिती शाळेत येईल, फलक लावील, बाकीच्या शाळांना आमची वही दाखवील. मी ते पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं होतं. नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अगं, पाठ झालं मला." हुरळून गेले होते मी, दुसरं काय?

शहाण्णवाव्या आठवड्यात दहावीला गुरुवारी गणिताचे जादा तास लागले. वरच्या पुलाचं काम चष्मिसचं, आणि नियमाप्रमाणे तिच्यासोबत मी. ती तोंड पाडून माझ्यापुढे उभी. मी म्हटलं, "जा तू तासाला. वरचं मी घरी जाता जाता बघते."

"नक्की ना, बाई?"

"मी काय लहान आहे? जा!"

त्या दिवशी गुडघा सुजला होता. पुलापर्यंत वीस मिनिटांचा चढ. गाडी काढली, घरी गेले, पाय शेकत बसले. ठरवलं की सकाळी जाऊ. सकाळी तपासायच्या वह्यांचा ढीग होता. दुपारी प्रयोगशाळेत एकटी होते, वही उघडली आणि वरच्या चौकटीत लिहिलं, आठ. दोन वर्षं तिथं आठच येत होतं, कधी सात. आठ लिहायला काय बिघडलं? समोरच्या रकान्यात चिन्ह हवं होतं. माझं नव्हतं. मी दोन गोल काढले आणि मध्ये दांडी.

पुढच्या गुरुवारीही तेच. सत्त्याण्णवाला सात लिहिलं, खरं वाटावं म्हणून. अठ्ठ्याण्णवाला पुन्हा आठ. पेनसुद्धा बदललं. इतकी अक्कल खर्च केली त्यात. तेवढ्या वेळात काठी टेकत टेकत का होईना, वर जाऊन आले असते.

आणि खालचे आकडे उतरत होते. ते पोरं खरोखर मोजत होती. शहाण्णवला सात, सत्त्याण्णवला सहा, अठ्ठ्याण्णवला चार. शुक्रवारी चष्मिस माझ्याकडे आली, कपाळावर आठ्या.

"बाई, तळ्यात चारच आलेत. वर किती आहे?"

"आठ," मी म्हटलं. तोंडावर, तिच्या डोळ्यांत बघून. "ऊन वाढलंय. पाणी तापलं की प्राणवायू कमी होतो, शिकवलंय ना?"

"पण वर तापत नाही का?"

"वर सावली आहे गं." किती सहज सुचलं मला ते!

सोमवारी सकाळी मासे मेले.

मी गेटातून आत आले तर तळ्याभोवती अर्धी शाळा. पाण्यावर पांढरी पोटं. माळीदादा गुडघाभर पाण्यात उतरून चाळणीनं एकेक मासा उचलत होते आणि बादलीत ठेवत होते. टाकत नव्हते, ठेवत होते. छोट्या वर्गातली एक मुलगी हमसून हमसून रडत होती. माळीदादांनी वर बघितलं, मला म्हणाले, "काल संध्याकाळी वर येऊन तोंडं उघडत होती, बाई. मी बादलीनं पाणी ओतत राहिलो. नाही वाचली."

खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात आलं ते हेच की आता समितीचं काय होणार. इतकी कोडगी झाले होते मी.

दुपारी चष्मिसनं आलेख काढला. मीच शिकवलेला, दोन रंगांत. वरची रेघ निळी, सरळ, आठ-सात-आठ. खालची रेघ लाल, घसरत घसरत खाली. तिनं तो फळ्यावर लावला आणि मंडळाच्या पोरांना समजावलं. वरून येणारं पाणी चांगलं आहे. खाली आल्यावर ते बिघडतं. म्हणजे जे काही मिसळतंय ते मधल्या पट्ट्यात, आणि मधल्या पट्ट्यात शाळाच आहे. तिचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. तर्कात एकही भोक नव्हतं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. इतकं सुंदर विवेचन माझ्या तेवीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं केलं नव्हतं आणि त्याचा पाया मी पेन बदलून रचला होता.

कंगवा म्हणाला, "पार्किंगच्या फरशांमध्ये तणनाशक कोण मारतं?"

सगळ्यांना माहीत होतं कोण मारतं.

पोरांची जात फार निर्दयी असते, विशेषतः आपण बरोबर आहोत असं वाटलं की. दुसऱ्या दिवशी माळीदादांच्या शेडच्या दारावर खडूनं मेलेला मासा काढलेला होता. तिसऱ्या दिवशी छोटी पोरं त्यांना बघून रस्ता बदलायला लागली. चष्मिस डबा घेऊन वर्गातच बसली. मी ते सगळं बघत होते. तोंड उघडायला मला एक क्षण लागला असता, आणि मी तीन दिवस स्टाफरूममध्ये डोकं दुखतंय म्हणून सांगत होते.

गुरुवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. मला, चष्मिसला आणि माळीदादांना. टेबलावर आमची वही, आलेख आणि तणनाशकाचा अर्धा भरलेला डबा. मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. घाबरट आहेत. पालकांचे फोन येत होते आणि फोन आला की त्यांना कुणाचं तरी नाव सांगावं लागत होतं.

"मी पार्किंगमध्ये मारलं, सर," माळीदादा म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं मारायला. त्याला महिना झाला. तळ्याच्या बाजूला मी थेंब नेत नाही. कधीच नेला नाही."

"मग मासे कसे मेले?"

"ते मला नाही ठाऊक." ते वहीकडे बघत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, अगदी हळू. "वरचं पाणी खरंच चांगलं होतं का?"

मुख्याध्यापकांनी वही उघडून चष्मिसपुढे सरकवली. शेवटच्या तीन ओळींवर बोट ठेवलं. "हे चिन्ह तुझं ना? हे तू मोजलंस?"

चष्मिसनं पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. फार नाही, जेमतेम श्वास घेण्याइतकं. ती काय बघत होती माझ्या चेहऱ्यात ते मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, संपलं, आता ही सांगणार.

ती म्हणाली, "हो, सर."

मुख्याध्यापकांनी वही मिटली. माळीदादांना सांगितलं की महिनाअखेरपर्यंत काम करा, पुढचं पुढं बघू. पुढचं पुढं बघू याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळत होता. माळीदादांनी मान हलवली. जाताना ते चष्मिसला म्हणाले, "असू दे गं पोरी. तू जे मोजलंस तेच सांगणार ना?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मला वाटलं, आत्ता बोल, आत्ता बोल, बये, तोंड उघड. आणि मी खुर्ची नीट सरकवून ठेवली, मुख्याध्यापकांना "येते, सर" म्हटलं आणि बाहेर आले.

तशीच पुलाकडे निघाले. पाणी तपासायची पेटी घेतली, काठी घेतली. गुडघा बोंबलत होता, बोंबलू दे म्हटलं. अर्ध्या चढावरच वास आला, धुण्याच्या साबणाचा, स्वच्छ, छान वास. पुलाखाली पाण्यावर फेस. दगडांवर करडी बुळबुळीत साय. दोन वर्षं ज्या दगडांखाली पोरं किडे मोजत होती, त्यांतला एक उलटला तर खाली एक जीव नव्हता. वर लाँड्रीच्या भिंतीतून एक नवीकोरी नळी ओढ्यात सोडलेली होती, तोंडाशी दगड लावून. एका दिवसाची साय नव्हती ती. आठवडे लागतात इतकी धरायला.

मी बाटली भरली. पुड्या टाकल्या. पाणी निळं झालं, तेही फिकट. एक थेंब. दुसरा थेंब. रंग उडाला.

दोन.

मी पुलावर बसले आणि रडले, सांगायला लाज कसली. पहिल्याच गुरुवारी वर आले असते तर ही नळी मला दिसली असती. मासे जगले असते. माळीदादांच्या दारावर कुणी खडू उचलला नसता. कष्ट किती होते? वीस मिनिटं चढ आणि दहा मिनिटं उतार.

"बाई?"

चष्मिस. दप्तरासकट धापा टाकत आली होती. गणिताचा तास बुडवून आली होती, आयुष्यात पहिल्यांदा.

"मला वाटलंच तुम्ही इथं असाल," ती म्हणाली. मग तिला फेस दिसला, माझ्या हातातली बाटली दिसली. "किती?"

"दोन."

ती खाली बसली. तिनं फेसात बोट बुडवून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे या आठवड्यातच झालं हे. मागच्या गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा आठ होतं."

मी बाटलीचं झाकण लावायला लागले.

"बाई, मी आत खोटं बोलले. मी मोजलं नव्हतं ना. पण मला कळलं होतं की तुम्हाला चिन्ह नाहीये म्हणून तुम्ही माझं काढलंत. ते सरांना सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हालाच धारेवर धरलं असतं, नियम मोडला म्हणून. मोजलं कुणीही असलं तरी आकडा तोच ना? म्हणून मी हो म्हटलं." ती माझ्याकडे वळली. "मोजलं होतंत ना, बाई?"

ज्या पोरीला मी चार वर्गांपुढे उभं करून खरेपणाचा नमुना म्हणून दाखवलं, तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं होतं. आणि तेही का? तर माझ्यावर तिचा पुरा विश्वास होता म्हणून. मघाशी ती माझ्या चेहऱ्यात काय बघत होती ते आता कळलं. ती मला धीर देत होती.

"नाही," मी म्हटलं.

"एकदाही?"

"एकदाही नाही. गुडघा दुखत होता, आणि मला शंभर पुरे करायचे होते."

ती उठली. चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा घातला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडली असती तरी. ती फक्त म्हणाली, "मग मी माळीदादांना," आणि तिनं वाक्य तिथंच सोडलं. ती वळली आणि उतरायला लागली, माझ्यासाठी न थांबता. मी काठी टेकत मागून येईपर्यंत ती दिसेनाशी झाली होती.

मुख्याध्यापक कुलूप लावत होते. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू. लाँड्रीचं मी कळवतो वर, ते थांबवतील. पण वहीचं कशाला काढायचं? समिती येणार आहे. शाळेची अब्रू आहे. तुमची आहे."

"आणि माळीदादांची?"

"त्यांना दुसरीकडे लावून देऊ कुठंतरी. मी शब्द टाकतो."

खरं सांगते, मला त्या क्षणी मोह झाला. सगळं गुपचूप मिटत होतं. आणि मग मला माझाच राग आला, असा की मी गुडघा विसरले. म्हटलं, "सर, उद्या सकाळी प्रार्थनेला मला पाच मिनिटं द्या. नाही दिलीत तर मी गेटावर उभी राहून सांगेन. माझा आवाज किती मोठा आहे ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी दिली. द्यायलाच लागली.

सहाशे पोरांपुढे मी उभी राहिले. मनात बरंच काही जुळवलं होतं, पर्यावरण आणि प्रामाणिकपणा वगैरे, पण त्यातलं काहीच आलं नाही. एवढंच सांगितलं की तीन आठवडे मी वर गेले नाही आणि आकडे मनानं लिहिले, चिन्हसुद्धा दुसऱ्याचं काढलं. पाणी लाँड्रीनं खराब केलं. ते मी तीन आठवड्यांपूर्वी पकडू शकले असते. माळीदादांनी काहीही केलेलं नाही. त्यांचे मासे माझ्यामुळे मेले. पहिल्या रांगेतला एक चिमुरडा शेजारच्याला म्हणाला, "बाईंनी खोटं लिहिलं?" ते मला स्टेजवर ऐकू आलं.

माळीदादा मैदानाच्या कडेला कात्री घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे गेले. पाय धरायचे होते, खरंच, पण त्यांनी मागे सरून ते होऊ दिलं नाही.

"तुम्ही मला म्हणाला असता ना, बाई," ते म्हणाले, "गुडघा दुखतोय, वर जाऊन बाटली भरून आणा, तर मी आणली असती. मी रोज सकाळी त्या पुलावरूनच येतो."

"रोज? मग तुम्हाला फेस दिसला नाही?"

"दिसला. मला वाटलं, तुम्ही मोजताय. तुमच्या वहीत चांगलं येतंय म्हणजे चांगलंच असणार. मला काय कळतं त्यातलं?"

त्यानंतर मला झोप कशी लागते ते विचारू नका.

लाँड्रीची नळी आठवड्यात बंद झाली. फलक आला नाही, समिती आली नाही, मला लेखी समज मिळाली आणि मंडळ काढून घेतलं. मग दोन महिन्यांनी दुसरं कुणी तयार होईना म्हणून परत दिलं. माळीदादांचं काम राहिलं. गोगलगाय आणि कंगवा दोघांनी त्यांच्या दारावरचा मासा धुवून काढला, माफी मागितली, आणि ते "बरं बरं" म्हणाले. पण तळ्याचं काम त्यांनी सोडलं. गवत कापतात, झाडं छाटतात, तळ्यापासून दहा पावलांवर येऊन थांबतात आणि यंत्र वळवतात. तिथं कडेनं गवताची एक उंच पट्टी वाढली आहे. ती आता आम्ही कापतो.

चष्मिस मंडळात राहील असं मला वाटलं नव्हतं. मंडळ परत मिळाल्यावर पहिल्याच गुरुवारी ती वही घेऊन हजर होती. पुलाच्या शेवटच्या तीन आकड्यांवर तिनं रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं, मोजलं नाही. खाली नव्या पानावर आठवडा पहिला. मला "चला" इतकंच म्हणाली.

आम्ही चढलो. ती पुढे, मी मागे. पुलावर पेटी उघडली. मी बाटली भरली, ती माझ्या हाताकडे बघत होती. मी थेंब सोडायला लागले आणि ती मोठ्यांदा मोजायला लागली, माझ्याबरोबर. एक. दोन. तीन. चार. पाच. रंग उडाला.

"पाच," मी म्हटलं.

"पुन्हा करा, बाई."

मी पुन्हा केलं. पुन्हा पाच आलं. तेव्हा तिनं लिहिलं. दोन गोल आणि दांडी काढली, आणि वही व पेन माझ्यापुढे धरलं.

"आता तुमचं."

"माझं चिन्ह नाही गं."

"मग काढा काहीतरी. दुसऱ्याचं नको."

मी पेन घेतलं. तेवीस वर्षांत फळ्यावर हजारो चित्रं काढली मी, पेशी, हृदय, बेडकाचं पोट. त्या छोट्या चौकटीत काय काढावं ते सुचेना. शेवटी एक वाकडा, सुजलेला गुडघा काढला. पूर्वी ती अशा गोष्टीवर खदखदून हसायची आणि मग चष्मा सावरायची. तिनं चित्र नीट बघितलं, वही मिटली.

"खालचं राहिलंय अजून," ती म्हणाली, आणि उतरायला लागली.